बोलायला दारं किती आहेत?

नाशिकमध्ये कॉलेज रोडजवळच्या एका छोट्या हॉलमध्ये कॉलेजच्या मुलामुलींसमोर मी बोलले होते. त्याचं रेकॉर्डिंग म्हणजे हा एपिसोड. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा मजकूर. जिथे अडखळले ते काढलंय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.

---

आधी एक काम करा. फोन बाहेर काढा. हो, खरंच काढा. आज सकाळी उठल्यापासून तुम्ही कुणाशी बोललात, काय वाचलंत, काय पाहिलंत, ते आठवा. आईचा मेसेज, वर्गाचा ग्रुप, दोन-चार रील, मॅचचा स्कोअर, इथे यायला लावलेला मॅप. आता मोजा, या सगळ्यामागे कंपन्या किती?

बहुतेकांचं उत्तर दोन येईल. व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम, फेसबुक ही तिन्ही मेटाची. यूट्यूब, सर्च, मॅप आणि तुमच्यातल्या बहुतेकांचा फोन ज्यावर चालतो ते अँड्रॉइड, हे सगळं गूगलचं. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्र सरकारनेच आकडे दिले होते: देशात व्हॉट्सअ‍ॅप वापरणारे 53 कोटी, यूट्यूब 44.8 कोटी, फेसबुक 41 कोटी. म्हणजे आपण बोलतो मराठीत, पण बोलायला जागा दोनच घरमालकांची.

हे मला कधी टोचलं ते सांगते. आमचा एक एपिसोड होता, गोदावरीच्या पाण्यावर. एके सकाळी पाहते तर एका मोठ्या प्लॅटफॉर्मवरून तो गायब. कारण? "नियमांचं उल्लंघन." कुठला नियम, कुठलं वाक्य, कितव्या मिनिटाला, काही नाही. दाद मागितली, तर चार मिनिटांत उत्तर आलं: निर्णय कायम आहे. चार मिनिटांत! एपिसोड चाळीस मिनिटांचा होता. अकरा दिवसांनी तो आपोआप परत आला, तेव्हाही कुणी काही सांगितलं नाही. मधल्या काळात एका श्रोत्याने विचारलं, "ताई, घाबरून तुम्हीच काढलात का?" त्याचं मला फार वाईट वाटलं. आणि आजही मला माहीत नाही की तो मशीनने काढला, कुणाच्या तक्रारीवरून काढला, की कुठल्या खात्याचं पत्र आलं होतं. बाहेरून तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात.

आज मला याच गुंत्याबद्दल बोलायचंय. सरकारं या कंपन्यांची चौकशी करतायत, दंड लावतायत. ते आपल्या बोलण्यासाठी चांगलं आहे की वाईट?

आधी कांदा

स्पर्धा कायदा म्हटलं की दिल्लीतले वकील डोळ्यांपुढे येतात. पण हा विषय नाशिककराला कुणी शिकवायची गरज नाही. लासलगावला कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन गेलेल्या माणसाला विचारा. बोली लावायला दहा व्यापारी उभे असले तर भाव फुटतो. त्याच दहा जणांनी सकाळी चहा पिताना आकडा ठरवून घेतला, तर दहा असूनही खरेदीदार एकच. भाव नाही पटला तर शेतकरी म्हणतो, जातो पिंपळगावला, नाहीतर विंचूरला. ही दुसरीकडे जायची सोय आहे म्हणून पहिल्या ठिकाणी त्याचं थोडंफार ऐकलं जातं.

सप्टेंबर 2023 आठवतं का? कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं होतं. त्याविरोधात जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलावच बंद ठेवले, तेही बरेच दिवस. व्यापाऱ्यांचं भांडण सरकारशी होतं, पण कांदा चाळीत पडून राहिला शेतकऱ्याचा. सगळी दारं एकदम बंद झाली की विकायचं स्वातंत्र्य कागदावर असतं, हातात नसतं.

भारतीय स्पर्धा आयोग हेच बघतो. या आयोगाने कांद्याच्या बाजारात स्पर्धा किती आहे याचाही अभ्यास करून घेतला होता, 2012 साली, आणि त्यात महाराष्ट्रातल्या बाजारपेठा होत्या. आयोगाचा कायदा 2002 चा. त्याचं कलम 4 म्हणतं, मोठं असणं हा गुन्हा नाही, मोठेपणाचा गैरवापर हा गुन्हा. म्हणजे तुमचं दुकान गावात सगळ्यात मोठं असेल तर असू दे. पण "माझी साखर हवी तर माझाच चहाही घे, आणि शेजाऱ्याकडे पाऊल टाकायचं नाही" असं म्हटलंत, तर आयोग दारात येणार.

फोनमधलं दुकान

गूगलच्या बाबतीत नेमकं हेच झालं. 20 ऑक्टोबर 2022 ला आयोगाने गूगलला 1337.76 कोटींचा दंड केला. मुद्दा असा की प्ले स्टोअर हवं असेल तर फोन बनवणाऱ्या कंपनीने गूगलची बाकीची अ‍ॅप्सही आधीच भरून द्यायची, ही सक्ती होती. पाचच दिवसांनी, 25 ऑक्टोबरला, प्ले स्टोअरवरच्या पेमेंटच्या सक्तीबद्दल आणखी 936.44 कोटी. पहिला दंड अपील न्यायाधिकरणाने मार्च 2023 मध्ये कायम ठेवला, आयोगाचे काही आदेश मात्र रद्द केले. दुसरा दंड मार्च 2025 मध्ये 216.69 कोटींवर आला. म्हणजे कायदा चालतो, पण तारखा पडत पडत.

आता यात बोलण्याचा काय संबंध? तर ऐका. 1 मार्च 2024. गूगलने काही भारतीय कंपन्यांची अ‍ॅप्स प्ले स्टोअरवरून काढून टाकली. फी देत नाहीत, हे कारण. त्यात नोकरीची होती, लग्न जुळवायची होती, आणि कुकू एफएमही होतं. कुकू एफएम म्हणजे ऑडिओ, आपल्याच बिरादरीतलं. भांडण पैशाचं होतं, पण गेले आवाज. ज्याचं दुकान त्याचं भाडं हे मान्य आहे हो. पण गावात दुकान एकच असेल, तर भाड्याचं भांडण आणि तोंड बंद करणं यात फरक उरत नाही.

आणि ती अ‍ॅप्स परत कशी आली? केंद्रीय मंत्र्यांनी नाराजी व्यक्त केली, बैठक झाली, काही दिवसांत अ‍ॅप्स परत. तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा. नंतर विचार केला, की मंत्र्यांच्या एका बैठकीने अ‍ॅप परत येऊ शकतं, तर मंत्र्यांच्या एका बैठकीने जाऊही शकतं ना? हा प्रश्न धरून ठेवा, परत येऊ त्याच्याकडे.

हिरवं बटण

दुसरी गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपची. जानेवारी 2021 मध्ये नोटीस आली होती: नवी प्रायव्हसी पॉलिसी मान्य करा. "नाही" म्हणायला बटण नव्हतं. तेव्हा आपण सगळे आठवडाभर सिग्नलवर गेलो होतो, आठवतंय? (हशा) आणि परत आलो. का? कारण मावशी तिथे नव्हती, सोसायटीचा पाण्याच्या टँकरचा ग्रुप तिथे नव्हता, द्राक्ष बागायतदारांचा औषधफवारणीचा ग्रुप तिथे नव्हता. अ‍ॅप बदलायला एक मिनिट लागतं. माणसं हलवायची तर तीसजणांना एकाच दिवशी एकाच मताचं करावं लागतं, आणि आपल्या घरात तीसजण जेवणाच्या वेळेवरसुद्धा एकमत होत नाहीत.

आयोगाने मार्च 2021 मध्ये स्वतःहून चौकशी लावली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, सर्वोच्च न्यायालयात गेली, चौकशी थांबली नाही. 18 नोव्हेंबर 2024 ला आयोगाने मेटाला 213.14 कोटींचा दंड केला, आणि जाहिरातींसाठी व्हॉट्सअ‍ॅपची माहिती मेटाच्या इतर कंपन्यांना द्यायला पाच वर्षं बंदी घातली. नोव्हेंबर 2025 मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पाच वर्षांची बंदी मात्र काढली. मला यातली महत्त्वाची गोष्ट दंडाची नाही वाटत. "घ्या नाहीतर सोडा" ही अट, सोडायला जागाच नसताना, अन्यायाची असू शकते, हे आपल्या देशात एका संस्थेने लिहून दिलं. ती महत्त्वाची.

आता थोडं जड बोलते. 1 जुलै 2018. आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच माणसांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, पोटासाठी फिरणारी माणसं. त्याच सुमाराला आपल्या मालेगावातही अशाच अफवेवरून जमाव एका कुटुंबावर धावून गेला होता. तिथे पोलीस वेळेवर पोहोचले. अफवा फोनवरून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅट्सना फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. 2020 मध्ये, फार वेळा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला.

मला विचाराल तर ही मर्यादा बरोबर होती. आणखी आधी यायला हवी होती. पण बघा काय झालं. कोट्यवधी लोकांनी एकमेकांशी किती वेगाने बोलायचं, हे एका कंपनीने एका बैठकीत ठरवलं. ना विधानसभेत चर्चा, ना मतदान, ना दुसरं अ‍ॅप जे म्हणेल "आम्ही वेगळा उपाय करून बघतो". उद्या तीच कंपनी चुकीचं बटण दाबेल तर? एका अ‍ॅपची चूक ही एका अ‍ॅपपुरती राहायला हवी. इथे ती अख्ख्या देशाची होते.

दुसरी बाजू

"मग आणा सरकारला, सरळ करा या कंपन्यांना." थांबा. पालघर आठवा. नोव्हेंबर 2012. बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद झाली. पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर विचारलं, हा बंद कशासाठी? तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट लाइक केली. दोघींना अटक झाली. लाइक केल्याबद्दल अटक! तुमच्याच वयाच्या मुली होत्या. त्यांना लावलेलं आयटी कायद्याचं 66 अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 ला रद्द केलं.

ते कलम गेलं, पण हौस गेली नाही. 2023 मध्ये नवा नियम आला: केंद्र सरकारच्या कामाबद्दल ऑनलाइन लिहिलेलं खोटं की खरं, हे सरकारनेच नेमलेलं पथक ठरवणार. कुणाल कामरा आणि इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. जानेवारी 2024 मध्ये दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. प्रकरण तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांच्याकडे गेलं आणि 20 सप्टेंबर 2024 ला त्यांनी नियम घटनाबाह्य ठरवला.

या नियमाची गंमत समजून घ्या. सरकार तुम्हाला थेट काही करणार नव्हतं. पथकाने "खोटं" असा शिक्का मारला आणि तरीही कंपनीने पोस्ट ठेवली, तर कंपनीचं कायदेशीर संरक्षण धोक्यात. म्हणजे लोकांनी लिहिलेल्या मजकुराबद्दल कंपनीला जबाबदार धरायचं नाही, हे जे कवच आहे ते. आता तुम्हीच सांगा, तुमच्या एका पोस्टसाठी कुठली कंपनी हजारो कोटींचा धंदा पणाला लावेल? ती गुपचूप पोस्ट काढणार. माझ्या गोदावरीच्या एपिसोडसारखी.

म्हणजे दारं दोनच असली की कंपनीची ताकद वाढते, हे खरं. पण सरकारचंही काम सोपं होतं. पन्नास दारांवर पन्नास पहारेकरी लागतात. दोन दारांना दोन फोन पुरतात.

हे फक्त आपल्याकडेच नाही. अमेरिकेत 5 ऑगस्ट 2024 ला न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला की सर्चमधली मक्तेदारी गूगलने बेकायदा टिकवली. तो खटला पुराव्यावर, उघड कोर्टात चालला. पण तिथल्याच फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे कंपन्यांचं विलीनीकरण तपासणाऱ्या संस्थेने, फेब्रुवारी 2025 मध्ये प्लॅटफॉर्मवरच्या "सेन्सॉरशिप"बद्दल लोकांकडून तक्रारी मागवल्या. जूनमध्ये ऑम्निकॉम आणि आयपीजी या दोन जाहिरात कंपन्यांना एकत्र यायची परवानगी देताना अट घातली, की राजकीय मतांवरून ठरवून कुणाच्या जाहिराती तोडायच्या नाहीत. अट ऐकायला छान आहे. पण परवानगीचा शिक्का ज्याच्या हातात, तोच मतांबद्दलच्या अटी घालायला लागला, तर उद्या कंपन्या काय करतील? सत्तेत कोण आहे ते बघून भिंती रंगवतील.

केसरीने जाहिरात नाकारली, मग?

आपल्या मराठीतली एक गोष्ट सांगते. 31 जानेवारी 1920 ला बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केलं. त्याची जाहिरात पैसे घेऊन छापा, असं 'केसरी'ला सांगितलं होतं. केसरीने नकार दिला. तेव्हाचा केसरी म्हणजे मराठी वाचकांचा सगळ्यात मोठा प्लॅटफॉर्मच म्हणा ना. आणि त्या प्लॅटफॉर्मला हा आवाज नको होता.

तरी मूकनायक निघालं. कारण छापखाना दुसरा मिळू शकत होता, कागद मिळू शकत होता, छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. केसरीचं दार बंद होतं, पण छापायचं दार एकट्या केसरीच्या मालकीचं नव्हतं. आता कल्पना करा, महाराष्ट्रातला प्रत्येक छापखाना, प्रत्येक टपाल पेटी आणि प्रत्येक वाचनालयाचं कपाट एकाच मालकाचं असतं तर? आपण आज साधारण तिथे आहोत.

मग हवं काय?

तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीने मला मध्येच विचारलं, "ताई, मग सरकारने हात लावायचा की नाही लावायचा? एकच काहीतरी सांगा." बरोबर आहे तिचं. सांगते.

दारं वाढवायला सरकारने जरूर हात लावावा. दारातून आत काय जातं ते तपासायला लावू नये.

म्हणजे कसं? मोबाईल नंबरचं बघा. 20 जानेवारी 2011 पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. सरकारने कंपन्यांना एवढंच सांगितलं, की जाणाऱ्याला नंबरासकट जाऊ द्या. फोनवर तुम्ही काय बोलता हे विचारलं नाही. तसंच अ‍ॅपचं करता येतं. युरोपच्या डिजिटल मार्केट्स कायद्याने व्हॉट्सअ‍ॅपला सांगितलंय की दुसऱ्या मेसेजिंग अ‍ॅपला जोडून घ्यायचं असेल तर जोडून घ्या. मावशी व्हॉट्सअ‍ॅपवरच राहील, तुम्ही दुसरीकडे जाल, आणि तरी मावशीचा गुड मॉर्निंग चुकणार नाही. (हशा) सुटका नाही त्यातून, पण निवड आहे.

आपल्याकडेही मार्च 2024 मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा आला होता. गैरवापर होऊन गेल्यावर दहा वर्षं खटला चालवण्यापेक्षा फार मोठ्या कंपन्यांना आधीच नियम घालून द्यायचे, अशी कल्पना. मसुदाच राहिलाय. तो पुढे आलाच तर दोन गोष्टी बघा. निर्णय कारणांसह लिहून, सगळ्यांना वाचता येईल असा द्यावा लागतो का, आणि त्यावर कोर्टात जाता येतं का. मघाशी तो प्रश्न धरून ठेवायला सांगितला होता ना, मंत्र्यांच्या बैठकीचा? त्याचं उत्तर हे. आयोगाने आदेश दिला तर तो वाचता येतो, त्यावर भांडता येतं. बंद खोलीतल्या बैठकीवर अपील नसतं.

आणि आपल्या हातात काय? माझा गोदावरीचा एपिसोड त्या अकरा दिवसांत गायब झाला होता, असं मी म्हटलं. पूर्ण खरं नाही ते. एका प्लॅटफॉर्मवरून गेला होता. पॉडकास्ट आरएसएस नावाच्या उघड्या पद्धतीवर चालतो. ती कुणा एकाच्या मालकीची नाही. फीड आमचं, कुठल्याही अ‍ॅपमध्ये ऐका. त्या अकरा दिवसांत साठ-सत्तर जण दुसऱ्या अ‍ॅपवर शोधत आले आणि त्यांनी ऐकला. आकडा लहान आहे, मला माहितीय. पण "घाबरून काढलात का" म्हणणाऱ्याला मी लिंक पाठवू शकले.

तेव्हा घरी जाऊन तीन कामं करा. तुमच्या फोटोंचा, चॅटचा, लिहिलेल्याचा बॅकअप स्वतःकडे घ्या. जे लोक तुम्हाला आवडतात, त्यांचं लिखाण किंवा आवाज मोठ्या अ‍ॅपबाहेर कुठे मिळतो ते शोधून ठेवा. आणि एखादी पोस्ट उडाली, तुमची किंवा तुम्हाला न आवडणाऱ्या माणसाची, तर एकच प्रश्न विचारा: कुणी काढली, कुठल्या नियमाने? न आवडणाऱ्याच्या वेळी विचारलात तर तुमच्या वेळी कुणीतरी विचारेल.

चला, फोन आत ठेवा. चहा तयार आहे बाहेर.

---

हा भाग ऐकून काही पटलं नसेल तर जरूर लिहा. पुढच्या भागात न पटलेल्यांचीच पत्रं आधी वाचणार आहे. भेटू या.